दारापाशी थांबा: प्रार्थनास्थळांच्या प्रवेशद्वारावरचे साधे क्षण कसे टिपायचे

देऊळ असो, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार नाहीतर सिनेगॉग, नवीन कॅमेरा घेतलेला माणूस तिथे पोचला की ठरलेले दोन फोटो काढतो. एक कळसाचा किंवा मनोऱ्याचा, आणि दुसरा डोळे मिटून उभ्या असलेल्या कुणाचा तरी. पहिला सगळ्यांकडे असतोच, आणि दुसरा काढावा का हाच मोठा प्रश्न आहे. या दोन्हींच्या मधे एक जागा राहून जाते ती म्हणजे दार, आणि दार म्हणजे नुसती चौकट नाही हां, पायऱ्या, उंबरठा, बाहेरचा ओटा, चपला काढायची जागा, कठडा, सगळंच आलं त्यात. तिथे कुणी प्रार्थनेत बुडालेलं नसतं, माणसं एकतर आत जायच्या तयारीत असतात नाहीतर बाहेर येऊन परत फोन बघायला लागलेली असतात, आणि मला तरी फोटोसाठी ही मधली अवस्थाच जास्त आवडते.

हे सगळं नवीन लोकांसाठी लिहितोय. कॅमेरा असेल तर उत्तम, फोन असेल तरी चालेल, जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी दार निवडा, माणूस नंतर

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून पहिलं सांगतो. नवीन माणूस चेहऱ्यांच्या मागे पळतो, कुणीतरी इंटरेस्टिंग दिसलं की कॅमेरा वर, तोपर्यंत तो माणूस पाठमोरा झालेला असतो आणि मागे आलेला असतो विजेचा खांब. उलटं करा. आधी जागा ठरवा, उजेड कुठून येतोय बघा, चौकट सरळ लावून घ्या, फ्रेममधला कचरा बाहेर काढा आणि मग नुसते उभे राहा. दारातून माणसं जाणारच आहेत, त्यासाठीच तर दार आहे.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ सालचा फ्रान्समधल्या इयेर गावातला एक फोटो नेटवर शोधून बघा, वरून दिसणारा गोल वळणारा जिना, लोखंडी कठडा आणि खाली गल्लीतून सुसाट जाणारा सायकलवाला. त्यातला सायकलवाला मनातल्या मनात पुसून टाका. फ्रेम तरीही तयारच दिसते ना? जिना, कठडा, गल्लीचं वळण सगळं आधीच जागेवर बसलेलं आहे आणि सायकलवाला त्यात येऊन पडलाय. पायऱ्या आणि दार असलेल्या कुठल्याही ठिकाणी हेच करायचं.

दार निवडताना मुख्य महाद्वाराच्या मोहात पडू नका. तिथे गर्दी, बॅनर, सुरक्षारक्षक, सेल्फीवाले, सगळे असतात. बाजूचं छोटं दार, ज्यातून रोजचे लोक ये-जा करतात, झाडणारा माणूस बादली घेऊन बाहेर येतो, ते बघा. जुन्या इमारतीत रोजच्या वापराचं दार पटकन ओळखू येतं कारण तिथला उंबरठा आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, कडेला दगड खरखरीत आणि मधे गुळगुळीत, थोडा खोलगटच. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं पडलं की ती झीज फोटोत स्पष्ट दिसते, भर दुपारी ती सपाट होऊन जाते. दरवाज्याच्या कडेला हात टेकून टेकून गुळगुळीत झालेली एक जागा असते तीपण शोधा, बहुतेक छातीच्या उंचीवर, कारण चपला काढताना माणूस तिथेच हात टेकतो. म्हणजे पुढचा माणूस कुठे थांबणार हे तुम्हाला आधीच कळलं.

दाराचं तोंड कुठे आहे?

फोनमधलं कंपास उघडा आणि बघा. हे कुणी करत नाही आणि मग चुकीच्या वेळी जाऊन उजेड खराब होता म्हणून रडत बसतात.

बरीचशी हिंदू देवळं पूर्वाभिमुख असतात म्हणजे सकाळचं ऊन थेट दारात. युरोपातल्या जुन्या चर्चमधे वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला अशी पद्धत होती त्यामुळे तिथे सकाळी दर्शनी भाग सावलीत आणि संध्याकाळी उजळलेला. मशिदीत नमाजाची दिशा मक्केकडे, आणि मुख्य दार अनेकदा त्याच्या समोरच्या बाजूला, त्यामुळे देश बदलला की दाराची दिशाही बदलते. अपवाद सगळीकडे आहेत. कंबोडियातलं अंकोर वाट पश्चिमेकडे तोंड करून आहे, लोक तिथे सूर्योदय बघायला गर्दी करतात आणि मंदिराची काळी आकृती घेऊन परत येतात, दर्शनी बाजूवर ऊन यायला दुपार उलटावी लागते. अमृतसरच्या हरमंदिर साहिबच्या (सुवर्णमंदिराच्या) परिसरात चारी बाजूंनी यायला वाटा आहेत, म्हणजे दिवसभरात कुठलं ना कुठलं दार चांगल्या उजेडात असतंच. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे उघडणारं दार असेल तर तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, उजेड मऊ आणि सारखा राहतो, नवीन माणसाला सगळ्यात सोपं. दक्षिण गोलार्धात हेच उलटं धरा.

एकाच दाराकडे वेगवेगळ्या वेळी जायचा कंटाळा येत असेल तर फ्रेंच चित्रकार मोनेचं उदाहरण घ्या. १८९२ आणि १८९३ मधे त्याने फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या कॅथेड्रलचा (मोठ्या चर्चचा) पश्चिमेकडचा दर्शनी भाग समोरच्या इमारतींतल्या खोल्यांमधून परत परत रंगवला, तिसाहून जास्त कॅनव्हास झाले, पुढे १८९५ मधे त्यातले वीस पॅरिसमधे प्रदर्शनात लागले. दगड तोच, दार तेच, फक्त उजेड वेगळा. आपल्याला तर नुसतं बटण दाबायचंय.

आणि हो, भर दुपारी फोटो काढू नयेत हा जो नियम सगळे सांगतात तो दारापाशी फारसा लागू होत नाही. बाहेरची फरशी किंवा पायरी उन्हात तापलेली असते, तिच्यावरून उजेड उसळून कमानीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून येतो, डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात. पांढरा संगमरवर असेल तर फारच छान. लाल दगड असेल तर चेहऱ्यालाही लालसर झाक येते, ती काहींना आवडते, मला नाही.

परवानगी, आणि त्याआधी नुसतं दिसणं

कॅमेरा बॅगेतच ठेवून आधी थोडा वेळ तिथे बसा. बोर्ड वाचा. काही ठिकाणी आत कॅमेरा चालत नाही पण अंगणात चालतो, उदाहरणार्थ ताजमहालात मुख्य कबरीच्या आत फोटोला बंदी आहे, बाहेर चालतात. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात तर फोन आणि कॅमेरा आत नेताच येत नाही. ही बंदी नेमकी कुठून सुरू होते, फाटकापासून, चपला काढायच्या जागेपासून की उंबरठ्यापासून, हे दारावरच्या माणसाला विचारा. तो पुजारी असेलच असं नाही, बऱ्याचदा तो चपला सांभाळणारा, झाडणारा किंवा चावी ठेवणारा असतो, आणि तिथे कोण कधी येतं, कुठलं दार किती वाजता उघडतं ही सगळी माहिती त्याच्याकडेच असते. एकदा त्याने तुम्हाला बघून मान हलवली की बाकीचे लोक विचारायचे बंद होतात.

विचारताना लांबलचक भाषण नको. काका, दाराचे आणि पायऱ्यांचे फोटो काढले तर चालेल का, एवढं बास. नाही म्हणाले तर नाही. हुज्जत घालू नका, रस्त्यापलीकडून लांब लेन्स लावून तर अजिबात काढू नका, ते चोरून काढलेले फोटो दिसतातच तसे.

वारांचं भान ठेवा. शुक्रवारी दुपारी मशिदीत आणि रविवारी सकाळी चर्चमधे गर्दी, म्हणजे साधे निवांत क्षण हवे असतील तर ती वेळ टाळा किंवा गर्दी ओसरल्यावर जा. ऑर्थोडॉक्स ज्यू सिनेगॉगच्या बाहेर शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत कॅमेरा बाहेरच काढू नका, शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी ते लोक स्वतः कॅमेरा वापरत नाहीत आणि समोर कुणी वापरला तरी त्यांना खटकतं.

कायद्याचं थोडं. सार्वजनिक जागेत फोटो काढणं आणि तो छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि देशादेशाप्रमाणे नियम बदलतात. माँट्रियलमधे एका इमारतीच्या पायरीवर नुसती बसलेली सतरा वर्षांची मुलगी, तिचा फोटो न विचारता मासिकात छापला, प्रकरण कॅनडाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९९८ मधे निकाल मुलीच्या बाजूने लागला, दोन हजार डॉलर भरपाई. म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकमधे आपला हा विषयच, पायरीवर बसलेला माणूस, न विचारता छापता येत नाही असं धरा. उलट न्यूयॉर्कमधे फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या फोटोग्राफरवर एका धार्मिक ज्यू माणसाने केस केली होती, रस्त्यात न विचारता काढलेला फोटो प्रदर्शनात लावला आणि हे माझ्या श्रद्धेविरुद्ध आहे म्हणून, तिथे २००६ मधे कोर्टाने फोटोग्राफरची बाजू घेतली. कायदेशीर असणं आणि बरं असणं यात फरक असतो तो असा. जर्मनीत मात्र क्यूबेकसारखंच, ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे संमती लागते. तुम्ही जिथे आहात तिथलं बघून घ्या, पण चेहरा ओळखू येत असेल तर विचारावं हा नियम स्वतःपुरता कुठेही पाळायला काय हरकत आहे.

सेटिंग्ज, एकदाच लावून विसरून जायची

दारापाशी खरी अडचण एकच, बाहेर लख्ख उजेड आणि आत अंधार. उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो आणि आत दिव्यांचा जेमतेम शंभर, म्हणजे हजारपट फरक, फोटोच्या भाषेत दहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चांगला कॅमेरा रॉ फाइलमधे (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) कमी आयएसओला (उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) बारा-चौदा स्टॉप पकडतो म्हणतात खरं पण अंधारातून उचललेल्या भागात नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो आणि चेहरा मातकट दिसतो. त्यामुळे ठरवून टाका की फोटो बाहेरच्या उजेडाचा आहे का आतल्या. दोन्ही हवं म्हटलं की दोन्ही जातं.

मी बाहेरचं धरतो. म्हणजे उंबरठ्यावर उभ्या माणसाच्या ज्या गालावर उजेड आहे तो गाल नीट दिसला पाहिजे, मागचं दार काळं झालं तर होऊ दे. काळ्या दारासमोर उभ्या माणसाचा फोटो कॅमेऱ्यावर सोडला तर तो अंधार बघून घाबरतो आणि सगळंच उजळ करतो, चेहरा पांढराफटक. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची अधिक-उणे सेटिंग) उणे एक, कधी उणे दीड. उलट पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा सगळं राखाडी करायला बघतो, तिथे अधिक एक. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे लॉक होतं आणि मग बोट वरखाली करून उजेड कमी-जास्त करा, फोनमधे ही एक गोष्ट शिकलात तरी अर्धं काम झालं. एचडीआर (उजळ आणि काळे भाग दोन्ही दिसावेत म्हणून असलेली सोय) फोन आपोआप लावतो, तो तीन-चार किंवा जास्त फ्रेम जोडतो म्हणून चालणाऱ्या माणसाच्या पायांभोवती कधीकधी भुतासारखी कडा येते, बंद करता येत असेल तर अशा वेळी बंदच ठेवा.

शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते: बसलेला माणूस असेल तर १/१२५ सेकंद पुरे. दाराकडे चालत येणाऱ्याला १/२५०. फ्रेममधे आडवा जाणारा, पायऱ्या उतरणारं पोर, ओढणी नाहीतर छत्री झटकणारा हात, १/५००. मुद्दाम उलटंही करून बघा, १/१५ वर कॅमेरा भिंतीला टेकवून धरा, गर्दीचे पाय विरघळतात आणि मधे शांत बसलेली आजी तेवढी स्थिर राहते, ती मात्र खरोखर हलायला नको.

फोकस आधीच लावून ठेवा. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिमी लेन्स, एफ ८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस सव्वातीन मीटरवर, की पावणेदोन मीटरच्या आसपासपासून पार मागपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आणि किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) १८ मिमीवर असेल तर एफ ८ ला फोकस दोन मीटरवर ठेवा, साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं आलं. ऑटोफोकस चौकटीच्या नक्षीवर जाऊन बसायची कटकट संपली. फोनवाल्यांना याची गरज नाही, सेन्सर एवढासा असतो की सगळं फोकसमधेच असतं. फक्त पोर्ट्रेट मोड (मागचं धूसर करणारा) नको, तो पायऱ्यांच्या कडा आणि जाळीचं कोरीवकाम वेड्यासारखं पुसतो.

फ्लॅश बंद हे सगळे सांगतात पण फोकससाठी समोर जो लाल किंवा हिरवा दिवा लागतो ना तोही मेनूत जाऊन बंद करा, अंधाऱ्या ओसरीत तो फ्लॅशइतकाच बोचतो. आवाज बंद. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात आवाज न करणारं सायलेंट शटर असतं, छान आहे पण आतल्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, कारण दिवे विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतात. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०, पट्टे बहुतेक जातात.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवलं की दर फोटोला रंग बदलतो. सरळ डेलाइटवर ठेवा. मग आतून येणारा दिव्याचा उजेड पिवळा-नारंगी राहतो, ज्योतीचा रंग दोन हजार केल्विनच्या आसपास असतो (आकडा कमी तितका रंग नारंगी), आणि बाहेरची सावली निळसर. दोन रंग उंबरठ्यावर एकमेकांना भिडतात आणि आतलं-बाहेरचं वेगळं दाखवायला दुसरं काही करावं लागत नाही. हे घरी बसून दुरुस्त करू नका म्हणजे झालं.

उभं कुठे राहायचं

वाटेत नाही. हे एवढं साधं आहे पण लोक उंबरठ्यासमोर बरोबर मधे उभे राहून व्ह्यूफाइंडरमधे बघत बसतात आणि मागे रांग तुंबते.

दाराच्या समोर पण थोडं बाजूला, तीन-चार मीटरवर, आणि पायरीच्या उंचीला बसून. उभ्याने काढलं की बसलेल्या माणसाच्या डोक्याचा टाळू आणि खालची फरशी एवढंच येतं. बसून काढलं की त्याचे डोळे आणि तुमची लेन्स एका पातळीवर येतात, शिवाय बसलेला फोटोग्राफर कुणाच्या अंगावर आल्यासारखा वाटत नाही. बसलेले असलात तर कॅमेरा मांडीवर ठेवा, गळ्यात लटकवू नका.

चौकट वाकडी येणार, खालून वर बघितलं की येतेच, दोन्ही खांब वर एकमेकांकडे झुकतात. कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ समोर धरा, ग्रिड (स्क्रीनवरच्या मदतीच्या रेषा) चालू करा, आणि वरची कमान मावत नसेल तर चार पावलं मागे जा. नाहीच मावली तर कापा. पण मग नीट कापा, कमानीच्या सुरुवातीला कुठेतरी, अर्धवट टोक कापलेलं वाईट दिसतं.

आत उभं राहून बाहेर बघता आलं, अर्थात परवानगी असेल तर, की वेगळाच फोटो मिळतो. दार काळी चौकट होतं, बाहेरचा माणूस छायेसारखा. अशा वेळी दोन माणसं एकमेकांवर येऊ देऊ नका, दोन छाया एकत्र आल्या की त्याचा नुसता ठोकळा होतो. मधे उजेडाची एक फट दिसली पाहिजे, नाक आणि हनुवटी बाजूने दिसली पाहिजे, म्हणून माणूस पूर्ण समोरून येतोय तेव्हा न काढता मान वळवेल तेव्हा काढा.

काय बघायचं

येणाऱ्यांपेक्षा बाहेर पडणारे बघा असं मी सांगेन. आत जाणारा माणूस घाईत असतो, मनात काहीतरी असतं, कॅमेरा दिसला की सावरतो. बाहेर आलेला माणूस सैल झालेला असतो. उन्हात डोळे किलकिले करतो, आपल्या चपला शोधतो, कुणाची तरी वाट बघत कठड्याला टेकतो. एक बाई दाराबाहेर येऊन डोक्यावरचा पदर मागे सारते, फोन हनुवटीखाली दाबून धरलेला, एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने चपलेचा पट्टा, एका पायावर उभी, आणि तेवढ्यात शेजारचं पोर तिचा आधार म्हणून स्वतःचं डोकं पुढे करतं. हे सगळं तीन-चार सेकंदात होतं. फ्रेम आधी लावलेली असेल तरच मिळतं नाहीतर फक्त आठवतं.

हात बघा. कडीवर, चौकटीवर, दुसऱ्याच्या खांद्यावर. चेहऱ्याशिवायचे फोटो इथे फार चांगले होतात आणि परवानगीचा प्रश्नही बराचसा सुटतो. वाट बघणारे बघा, प्रत्येक दारापाशी एक तरी माणूस असतो जो आत जात नाही, बाकीच्यांचं सामान सांभाळत बाहेर बसतो, कधी नास्तिक जावई असतो कधी गुडघे दुखणारे आजोबा, आणि त्याला वेळच वेळ असतो, बोलायलाही आवडतं.

काम करणारे बघा. कुलूप उघडणारा, पायरी धुणारा, दिव्याची काच पुसणारा. इमारत उघडण्याआधीचा आणि बंद व्हायच्या वेळचा अर्धा तास सगळ्यात चांगला, माणसं कमी आणि जी असतात ती आपल्या कामात.

पाऊस आला तर पळू नका. सगळे कमानीखाली येऊन उभे राहतात, अनोळखी माणसं एका ओळीत, सगळे एकाच दिशेला बघतायत. ओल्या पायरीत दार उलटं दिसतं, कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ न्याल तितकं जास्त दिसतं. फोनची लेन्स खालच्या बाजूला येईल असा फोन उलटा धरून बघा.

बटण दाबल्यावर कॅमेरा लगेच खाली घेऊ नका हेपण सांगून ठेवतो. पहिल्या क्लिकला माणूस दचकतो किंवा पोझ देतो, नंतर हसून आपल्या कामाला लागतो, आणि ते कामाला लागणं तुम्हाला हवं असतं. पण बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) लावून मशीनगन चालवू नका, दोन-तीन फ्रेम, नजरेला नजर, मान हलवून आभार. कुणी डिलीट करा म्हणालं तर त्याच्यासमोर डिलीट करा, फोनवर असेल तर रीसेंटली डिलीटेडमधूनही, आणि तोंड वाकडं न करता.

जे काढायचं नाही

दाराशी भीक मागणारे. सोपे फोटो आहेत म्हणूनच सांगतो, समोरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, नाही म्हणायची त्याला सवय नाही, आणि असे फोटो आधीच ढीगभर आहेत. बोललात, ओळख झाली, त्यानेच काढ म्हटलं तर गोष्ट वेगळी.

अंत्यविधीला आलेली माणसं, रडणारं कुणी. लहान मुलं, आईबाप शेजारी नसतील तर. बायकांसाठी वेगळं दार असेल तिथे पुरुष फोटोग्राफरने घुटमळूच नये. आतून दिसणारी मूर्ती किंवा गाभारा दाराच्या फ्रेममधे येत असेल तर बाहेरून काढलं म्हणून चालतं असं समजू नका, बऱ्याच ठिकाणी हरकत त्यालाच असते. आणि कपडे, जिथे डोकं झाकतात तिथे झाका, जिथे चपला काढतात तिथे फोटोसाठी जरा पुढे सरकायचं असलं तरी आधी काढा. ट्रायपॉड आणू नका. ट्रायपॉड उघडला की तुम्ही व्यावसायिक, मग पत्र आणा, शिक्का आणा.

घरी आल्यावर

लगेच निवडू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. ज्या फोटोसाठी फार थांबलो तो चांगलाच वाटतो पण बघणाऱ्याला तुमच्या थांबण्याशी काही देणंघेणं नाही. निवडताना आधी छोट्या आकारात बघा, स्टॅम्पएवढ्या थंबनेलमधे माणूस आणि दार दोन्ही कळत असतील तर फोटो उभा राहतो.

एडिटिंगमधे शॅडोजचं (काळे भाग उजळ करणारं) स्लायडर हा नवीन माणसाचा शत्रू आहे. ते शंभरवर नेलं की दारामागचा अंधार जातो, आतले पंखे, खुर्च्या, वायरी, नोटीस बोर्ड सगळं दिसायला लागतं आणि उंबरठ्याला काही अर्थच उरत नाही. वीस-पंचवीसपर्यंत ठीक. हायलाइट्स (उजळ भाग) थोडे खाली. चौकट सरळ. फ्रेमच्या कडांवर एक चक्कर मारा, अर्धी चप्पल किंवा कुणाचं कोपर आलं असेल तर क्रॉप. क्लॅरिटी (बारीक कडा ठळक करणारी सेटिंग) वाढवून म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या कोरायची जी फॅशन आहे ती मला अजिबात सहन होत नाही, माणसं तशी दिसत नाहीत.

नेटवर टाकण्याआधी फोटोतलं लोकेशन काढून टाका. छोट्या वस्तीचं प्रार्थनास्थळ असेल, तणावाचा भाग असेल, तर कोण कधी कुठे येतं हे फोटोवरून कळणं त्यांच्यासाठी चांगलं नसतं. कॅप्शनमधे गाव आणि महिना पुरे. माणूस काय विचार करत होता हे तुम्हाला माहीत नाही तेव्हा ते कॅप्शनमधे लिहू नका, शांतीच्या शोधात वगैरे, तो कदाचित बस चुकली म्हणून वैतागलेला असेल.

आणि दोन-चार फोटो प्रिंट करा. चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे फोनच्या फोटोतूनही सहज होतं, मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर बोटांचे डाग पडतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा दारावरच्या त्या माणसाला त्याचा फोटो द्या, आणि जे तिथे रोज येतात त्यांचे असतील तर तेही त्याच्याकडेच ठेवा, तो बरोबर पोचवतो. त्यानंतर तुम्हाला विचारावं लागत नाही, उलट सकाळी साडेपाचला या, तेव्हा मागचं दार उघडतो, हे तोच सांगतो.